कानोसा

सुताराने कांदा मधोमध कापला आणि सुरी हवेतच धरून बाहेरच्या खोलीचा कानोसा घेतला.

"अरे, पास दे की. लग्नाला आलायस का?" लेक टीव्हीवर खेकसली.

त्याने श्वास सोडला आणि कांदा चिरायला घेतला.

मॅच चालू असताना त्याने बाहेर यायचं नाही, हा बायकोचा नियम. "तुमचे पाय पांढरे आहेत. आलात की आपल्यावर गोल बसतो," ती म्हणायची, आणि दोन-तीनदा तसं झालंही होतं. तेव्हापासून मॅचच्या दुपारी ऑम्लेट त्याच्याकडे आणि आरडाओरडा मायलेकींकडे. बायको रेफरीचा उद्धार करायला लागली की तो गालातल्या गालात हसत अंडी फेटायचा.

मागच्या मोसमात अशाच एका दुपारी लेक कामावर होती. बायकोचा आवाज येईनासा झाला. टीम मार खात असणार, म्हणून बाईसाहेब गप्प, असं त्याला वाटलं. "ब्रेड भाजू का?" त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. मग आपल्याच मनाने भाजला आणि बशी घेऊन तो बाहेर गेला. टीव्हीवरचा माणूस तावातावाने बोलत होता. ती खुर्चीत एका अंगाला कलली होती.

आता कोण जिंकतं, कोण हरतं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. लेक ओरडतेय ना, एवढंच तो ऐकत असे.

आज टीम हरली तर थेट खालच्या गटात जाणार होती. लेकीने सकाळपासून धड खाल्लं नव्हतं.

"बाबा, डोकावू नका हं. आमचा गोलकीपर आधीच झोपलाय."

"नाही डोकावत. मिरची घालू?"

"घाला. त्यालाही एक पाठवा."

तो हसला. मिरची धुतली, देठ काढले. मग पुन्हा कांद्याकडे वळला. बाहेर टीव्हीची बडबड चालू होती, पण लेकीचा आवाज नव्हता. त्याने थोडी वाट पाहिली. एक शिवी तरी यावी. सुरी थांबली. तो कान देऊन उभा राहिला.

आणि मग टीव्हीचाही आवाज बंद झाला.

हाक मारावी, असं त्याला वाटलं. पण मारली आणि ओ आली नाही, तर? गॅसवर तवा तापून धुरावला होता. त्याने गॅस बंद केला. भिंतीला धरून तो कसाबसा बाहेर आला.

पडद्यावर खेळाडू मुकाट पळत होते. लेक सोफ्याच्या कडेवर, हातात रिमोट घट्ट धरून, स्वयंपाकघराकडे मान वळवून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"कुठं काय."

"मग आवाज का बंद केलास?"

तिने रिमोटकडे पाहिलं.

"तुम्ही चिरायचं थांबलात," ती म्हणाली.

पडद्यावर समोरच्या टीमची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

"टोमॅटो शोधत होतो," तो म्हणाला.

"हं."

ती ओढणीने नाक पुसत म्हणाली, "जा आता आत. भूक लागलीय मला."

तो आत आला. मागे टीव्हीचा आवाज वाढला, आणि पाठोपाठ, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच, तिने गोलकीपरची खरडपट्टी काढायला घेतली. त्याने सुरी उचलली. उरलेला कांदा बघता बघता संपला. तो रिकाम्या फळीवर सुरी चालवत राहिला, तिला ऐकू जाईल अशी.