धूर

थांबा थांबा, सगळे एकदम नका विचारू. सांगतो ना! दिवाल्या, तू ती बिडी विझव आधी, माझ्या तोंडासमोर धूर नको करू. धुराचंच तर सांगायचंय मला.

गावात जो तो विचारतो, भटू, जत्रेच्या पैजेत पुढं होतास, टेकडीवरचं भवानीचं निशाण हातभर लांब होतं, थांबलास कशाला? कुणी म्हणतं पायात गोळा आला. कुणी म्हणतं त्या पावऱ्याच्या पोरानं काही मंतरून टाकलं. शाळामास्तर तर म्हणे माझा दम तुटला. माझा दम? अरे, त्यानंतर मी टेकडीवरून घरापर्यंत न थांबता पळालो, तो काय मास्तरांचा दम होता?

आणि तुम्ही दोघं तर काही बोलूच नका. तुम्हाला पहाटेपासून माहीत होतं. भिला, तू गाडीत माझ्या शेजारी बसून गाणं म्हणत होतास! काका घरात मरून पडलाय हे ठाऊक असून तू गाणं म्हणत होतास. राग नाही रे. बापूंनी तुम्हाला शपथ घातली होती, ते कळलं मला नंतर. पण माझ्या बाजूनं काय झालं ते तुम्हाला नाही माहीत. ते ऐका.

धुडकू काका मला कसा पळवायचा ते पाहिलंय तुम्ही. गाडीच्या मागच्या फळीवर उलटा बसायचा, मोडका पाय खाली लोंबकळत सोडून. हातात गूळ आणि शेंगा. दिवाल्या बैल हाकतोय, मी मागून पळतोय, आणि काका ओरडतोय, "पय रे पोऱ्या, पय! गाडी म्हतारी, बैल म्हतारा, हाकनारा झोपी ऱ्हायना, तरी तुले सापडत नही!" फळीला हात लागला की गूळ. नाही लागला की काका तो गूळ माझ्यासमोर स्वतः खायचा, मिटक्या मारत. नदीच्या वाळूत, नांगरलेल्या ढेकळांत, काट्याकुट्यांत. "हात लाव," एवढंच. "टेकडीवर बी दुसरं काय शे? नुसता हात लावाना शे."

घरात मात्र रोज तंटा. कापूस फुटून पांढरा झालेला, वेचायला माणूस मिळत नाही, आणि मी पळतोय. बापू जेवताना मला सोडून भिंतीशी बोलायचे, "वखर कोन धरी? भवानी ई का धराले?" माय म्हणायची, "पयनाराले पोर कोन देई? लगनमाच पयी जाई." आणि लगेच ताटात तुपाची धार जास्त. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, अंधार पडला की दिवा मालवायचा, तर काका अंधारात भिंतीपलीकडून खोकत खोकत सांगायचा, "वहिनी, त्याले अजून एक भाकर द्या." भिंत एकच ना आमची. काकाला मूल नाही. त्याला मरताना पाणी पाजायचं मीच, आग द्यायची मीच, हे मी रांगत होतो तेव्हापासून ठरलेलं.

त्याचा खोकला दिवाळीपासून वाढला. शेवटी शेवटी गाडीत बसवेना, तर ओट्यावर बसून मला पळायला लावायचा. आणि त्यानं काकीला सांगून ठेवलं होतं. हे मला नंतर कळलं. म्हणाला होता, मी मधेच गेलो तर पोराच्या हाताला निशाण लागेपर्यंत कुणी रडू नका. कारण सुतक. नात्यात माणूस गेलं तर सुतक लागतं, आणि सुतक असलेला माणूस भवानीच्या निशाणाला शिवू शकत नाही. पण आपल्यात सुतक कानावर पडल्यावर लागतं ना? ज्याला ठाऊक नाही तो मोकळा. म्हणजे मला कळू द्यायचं नाही, बस्स.

आता जत्रेची सकाळ. मी उठलो तर माय दारात उभी. दर पैजेच्या दिवशी ती मीठमिरच्या घेऊन माझ्यावरून ओवाळते, कानशिलावर बोटं मोडते, कपाळाला हात लावते. मी जाऊन समोर उभा राहिलो, मान खाली घालून, लहान पोरासारखा. ती दोन पावलं मागं सरली.

"भाकर ठेयेल शे," म्हणाली. ओट्याच्या कडेला ठेवली होती, केळीच्या पानावर. हातात नाही दिली. काल रातची भाकर, गार.

मी म्हटलं, "माय, तू राग भरी ऱ्हायनी का? काल कापूस वेचाले ऊनू नही म्हनीसन?"

"जाय. उशीर व्हयी ऱ्हायना."

माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मला वाटलं, आयला, खरंच चिडली. मीही चिडलो. जत्रेच्या दिवशी गार भाकर? शेजारच्या गल्लीतून तळणाचा वास येतोय आणि आमच्याकडे ही तऱ्हा! अर्धी खाल्ली, अर्धी तशीच टाकली.

मग काकाच्या दारात गेलो. पाया पडल्याशिवाय कसा जाणार? दार लावलेलं. काकी आतून बोलली, दार न उघडता. "झोपेल शेतस. रातभर खोकलनात. नको उठाडू."

"काकी, नुसता पायाले हात लाई जास."

"जाय म्हनं ना!"

असा आवाज काकीचा मी कधी ऐकला नव्हता. दगडावर दगड घासल्यासारखा. मी उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि निघालो. बापू दूर लिंबाखाली उभे. एरवी गाडीत बसताना पाठीवर थाप मारतात. त्या दिवशी लांबूनच हात हलवला. गल्लीत माणूस नाही, पोर नाही. मला वाटलं सगळे पुढं गेले जत्रेला.

तुम्ही गाडीत होतातच, तुम्ही भाऊबंदांतले नाहीत, तुम्हाला सुतक नाही. नदीच्या घाटावर काय झालं ते आठवतंय? भगतानं पळणाऱ्यांना ओळीनं उभं केलं, एकेकाच्या कपाळाला हळद लावत आला. प्रत्येकाला विचारतोय, "सुतक-विटाळ काही शे का?" माझ्यापुढं आला. मी छाती काढून म्हटलं, "नही बाबा." भगतानं तुमच्याकडे बघितलं, गावाची साक्ष लागते ना. भिला, तू जो खाकरलास! आणि दिवाल्या तू बैलाच्या पायातला काटा काढायला खाली वाकलास. काटा होता का रे? नव्हता ना? मला ते तेव्हा दिसलं होतं, पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात फक्त जामसिंग होता.

जामसिंग म्हणजे तोच पावऱ्याचा पोर, तोरणमाळाकडचा. बाजूलाच उभा होता. बारीक, काळा, पायाची बोटं जमिनीत रुतवून. त्याला चढ म्हणजे आपल्याला अंगण. सपाटीवर त्याला मागं टाकलं तरच माझा निभाव, हे काकानं शंभरदा सांगितलेलं. आणि बघा, जो निशाण आणतो त्यानं ते खांद्यावर घेऊन पंचक्रोशीतली गावं फिरायची, ढोलावर, दिवेलागण होईपर्यंत. आपल्या गावात ते निशाण बापूंच्या आठवणीत कधी आलं नव्हतं. काका तरुणपणी दोनदा त्याच्याजवळ पोचला आणि दोनदा दुसऱ्यानं हात लावला.

ढोल वाजला. पळालो मी! वाळू, मग बाभळीचं रान, मग कपाशीचे बांध. बांधावरून उड्या मारत. मागं धपधप धपधप, मग ती कमी कमी होत गेली, मग फक्त एकच पाऊल मागं, हलकं, जामसिंगचं. मी मनात काका बसवला पुढं. उलटा, फळीवर, हातात गूळ. पय रे पोऱ्या. पण त्या दिवशी काका ओरडत नव्हता रे. मी कितीदा आणला त्याला डोळ्यांपुढं, तर नुसता बसलेला, तोंड मिटून. दम मात्र चांगला होता.

चढ लागला. जामसिंगचं पाऊल जवळ आलं. मी दात खाऊन चढतोय, हातानं झुडपं धरतोय. ते वळण आहे ना, जिथं मोठी शिळा आहे, तिथून खाली सगळं गाव दिसतं. काका म्हणायचा, तिथं मागं बघू नको, जो बघतो तो हरतो. मी बघणार नव्हतोच. जामसिंग किती मागं आहे एवढंच बघायचं होतं, म्हणून मान वळवली.

आणि गाव दिसलं.

जत्रेचा दिवस, ऊन चांगलं वर आलेलं. घराघरातून धूर. पाटलांच्या गल्लीत धूर, कोळीवाड्यात धूर, कुंभारवाड्यात तर ढग. पुऱ्या तळताहेत, पुरण शिजतंय. आणि मधे आमची गल्ली. आमच्या भाऊबंदांची सगळी घरं एका रांगेत. त्या रांगेवर एक रेघ नाही धुराची. कोरं आभाळ.

एखाद्या घरात चूल पेटली नसती तर म्हटलं असतं, बाई जत्रेला गेली. पण सगळ्या भाऊबंदांची चूल एकाच दिवशी कशानं विझते, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का? मयत घरातून उठेपर्यंत भाऊबंदात काडी ओढत नाहीत. आणि मग सगळं धाडधाड अंगावर आलं. गार भाकर. मायचे मागं सरलेले पाय. ती चिडली नव्हती रे, तिला सुतक लागलं होतं आणि तिला मला शिवायचं नव्हतं! बापू लिंबाखाली. लावलेलं दार. त्यांनी सगळ्यांची तोंडं बांधली, बाया रडू दिल्या नाहीत, पोरं कोंडली. फक्त एक खोटी चूल पेटवायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं तरी पेटवली नसती कुणी.

पाय पळतच होते. पायांना काय कळतंय? वर निशाण दिसायला लागलं, लाल, वाऱ्यावर फडफडतंय. लोक आपल्या गावाचं नाव घेऊन ओरडताहेत, "कळसाडी! कळसाडी!" मी पळतोय आणि माझ्यातच दोन माणसं भांडताहेत. एक म्हणतोय, अजून तुझ्या कानावर कुठं पडलंय? कुणी सांगितलंय? तू काही ऐकलेलं नाहीस, लाव हात. काकानं यासाठी मरणसुद्धा झाकून ठेवलंय, लाव. दुसरा म्हणतोय, आणि मग? मग दिवेलागणीपर्यंत ढोलावर नाचणार तू? सूर्य बुडल्यावर सरण पेटवत नाहीत. काका अजून एक रात्र जमिनीवर पडून राहणार. आणि काकी? पहाटेपासून तोंडात पदर कोंबून बसलीय ती. रात्रभर बसेल. दगडावर दगड घासल्यासारख्या त्या आवाजात तिची अजून एक रात्र जाणार होती का?

हात वर गेला होता माझा. खरंच गेला होता. निशाणाचा काठ वाऱ्यानं माझ्या बोटांपर्यंत आला. मी हात मागं घेतला. भाजल्यासारखा.

जामसिंग येऊन थडकला. त्यानं हात घातला नाही लगेच. धापा टाकत माझ्याकडे बघतोय. "काय व्हयनं? पाय मोडना का?"

मी म्हटलं, "नही. मन्हा काका गया."

बघा, कुणीच सांगितलं नव्हतं मला. पहिल्यांदा ते माझ्या कानावर पडलं ते माझ्याच तोंडून. तिथंच सुतक लागलं मला, भवानीच्या समोर. जामसिंग एक पाऊल बाजूला झाला, मला खाली जायला वाट दिली, आणि मगच त्यानं निशाणाला हात लावला. मागं ढोल सुरू झाला. मी उताराला लागलो होतो.

काय पळालो ते आठवत नाही. तुमची गाडी वाटेत लागली म्हणता, मला दिसली नाही. गल्लीच्या तोंडाशी बापू उभे होते. बांबू, दोऱ्या, मडकं, सगळं भिंतीआड तयार. माझे रिकामे हात बघितले त्यांनी.

"कोनी सांगं तुले?"

"कोनी नही. आपली गल्लीना धूर दिसना नही."

बापू खाली बसले. त्या मोठ्या माणसाला मी तसा बसलेला कधी पाहिला नव्हता.

दार उघडं होतं आता. काकी काकाच्या उशाशी, डोळे कोरडे ठणठणीत. मला बघून उठली. "लावा का रे हात?"

"नही, काकी."

तिनं मारलं मला. दोन्ही हातांनी, छातीवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. "त्यानी माले रडू दिधं नही! तुन्हासाठी रडू दिधं नही, आनि तू रिकामा ऊना?" आणि मारता मारताच तिचा आवाज फुटला. असा फुटला की पाटलांच्या गल्लीतून लोक पळत आले. मग सगळ्या बाया सुटल्या एकदम, पहाटेपासून दाबून ठेवलेल्या. मी काकाच्या पायांपाशी बसलो. मोडका पाय तसाच वाकडा. दोन्ही पायांना हात लावला. गार होते.

सूर्य वर होता अजून. आग मी दिली. बस्स, एवढंच आहे. मास्तरांना सांगा काय सांगायचं ते.

अरे, एक राहिलंच. काकाच्या पायांशी बसलो होतो तेव्हा मागून कुणीतरी माझं डोकं धरलं. माय होती. माझ्या तळव्यांतले काटे बघत होती, रक्त पदरानं पुसत होती, आणि कपाळावरून हात फिरवत होती, फिरवतच होती. आता आम्ही दोघंही सुतकात ना, आता तिला मला शिवायला हरकत नव्हती.