जिन्याखालची भिंत

"भिंत आहे का तान्हं पोर? दर चार दिवसांनी आंघोळ घालायची!" भाऊसाहेब रंगाच्या डब्याचं झाकण पेचकसाने उचकटता उचकटता पुटपुटत होते. "महिन्यात तिसरा डबा. रंग भिंतीला लागतोय का भिंत रंग पितेय, तेच कळत नाही."

हातभर अंतरावर मावशी ब्रश भिजवत उभी होती. बोलणं तिला उद्देशून नव्हतं. शाळेचे कारकून असलेले भाऊसाहेब गेली तीस वर्षं असेच हवेशी भांडत आले होते, आणि मावशी गेली एकतीस वर्षं ती हवा होत आली होती. शाळेची शिपाई ती. घंटा तिची, चाव्या तिच्या, कोणाला ओकारी झाली तर फडकंही तिचंच. हे वर्ष संपलं की ती निवृत्त होणार होती, आणि निरोपाला शाल देतात की घड्याळ, यावर शिक्षकांच्या खोलीत आत्तापासूनच दोन तट पडले होते.

"भाऊसाहेब, रंग तुम्हीच येऊन लावता का एकदा?" ती म्हणाली.

"मी?" भाऊसाहेबांनी डबा तिच्याकडे सरकवला आणि नजर दुसरीकडे. "मला तिथे गुदमरायला होतं."

तिथे म्हणजे जिन्याखालच्या खोलीत. खेळाचं सामान ठेवायची ती चिंचोळी खोली. वर एक हातभर झरोका, खाली गाद्यांची चळत, फाटकी जाळी, हवा गेलेले चेंडू. सुट्टीत तिथला जुना तेलरंग ओल धरून सुटला म्हणून खरवडला होता आणि साधा पांढरा रंग मारला होता. शाळा उघडून पंधरवडा झाला नसेल, तोच भिंतीवर चित्र आलं.

चित्र मोठं वाईट होतं. एक मास्तर उघडानागडा परसाकडे बसलेला, एका हातात छडी, दुसऱ्या हातात टमरेल. जांभळ्या रेघा. मुलांनी पोट धरधरून हसून घेतलं. गणिताच्या सरांना कोणीतरी जाऊन सांगितलं की तुमचं चित्र काढलंय, आणि सरांनीही ते मान्य करून टाकलं. आता सर तरणेबांड, डोक्यावर कंगवा अडकेल एवढं जंगल. चित्रातला माणूस टकलू, चष्म्याला दोरी. पण एकदा अपमान झाला म्हटल्यावर केस कोण मोजतो?

केस मोजणारी शाळेत तीनच माणसं होती. मावशी, भाऊसाहेब आणि मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. त्या दिवशी तिघांनीही ते चित्र पाहिलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न लावताच म्हणाल्या, "रंग मारून टाका." भाऊसाहेबांनी डबा आणला. मावशीने रंग मारला. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी चित्र परत आलं. तिथेच, तेवढंच. दुसऱ्यांदा रंग मारला. पुन्हा आलं.

आता शाळेत कोणाला तरी धरणं भागच होतं, आणि भिंगरी आयती सापडली. सातवीतली पोरगी, एका जागी बसेल तर शपथ. तिने आदल्याच आठवड्यात गणिताच्या सरांच्या खुर्चीत फुगा ठेवला होता. सर बसले, फुगा बोलला, आणि वर्गात पाच मिनिटं कोणालाच भागाकार आला नाही.

"फुगा मीच ठेवला होता, मावशी," ती घंटेखाली उभी राहून सांगत होती. "पादरा फुगा. त्याचं मला काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण थोडंच. चित्र मात्र मी नाही काढलं."

"मग कोणी काढलं?"

"मला काय ठाऊक! मी काढलं असतं तर हात तरी नीट काढले असते. त्या माणसाला एका हाताला सहा बोटं आहेत."

मावशीला हसू आलं नाही. सहा बोटं तिने मोजलेली होती. फार पूर्वी.

*

भिंगरीच्या आईला बोलावून घेतलं. आई शिवणकाम करायची. ब्लाउजला अडकवलेली सुई काढायची राहून गेली होती. ती खुर्चीच्या टोकावर बसली. गणिताचे सर उभेच होते.

"दाखला हातात द्या हिच्या," सर म्हणाले. "आज भिंतीवर, उद्या फळ्यावर. एकाला सोडलं की दहा उगवतात."

"सर, ती वांड आहे, मी कुठे नाही म्हणते?" आई म्हणाली. "चार दिवस घरी बसवा. मैदान झाडून घ्या. पण दाखला दिलात तर दुसरी शाळा पाच मैलांवर आहे. तिचे वडील म्हणतील, बस झालं शिक्षण, बस मशीनवर. ते वाटच बघतायत."

मोठ्या बाई कागदावर रेघा ओढत होत्या. "आपल्याकडे आता मारत नाहीत, ओरडत नाहीत," त्या हळू म्हणाल्या. "घाण केली तर स्वतः पुसायची, हीच शिक्षा. आज शाळा सुटल्यावर भिंगरीने ती भिंत धुवावी आणि केलं ते कबूल करावं. मग दाखल्याचं बघू."

"आणि नाही केलं कबूल तर?"

"तर दाखला."

बाहेर पडताना सर मावशीच्या कानाशी आले. "मावशी, जरा बाहेरून कडी लावून घ्या हो. पळेल ती."

मावशीच्या हातातल्या चाव्या वाजल्या. तिने त्या पदरात घट्ट धरल्या.

*

तीस वर्षांपूर्वीही अगदी हेच शब्द होते. टकलू सरांचे. तेव्हा मावशी नोकरीला लागून वर्षच झालं होतं, आणि शिक्षा झालेल्या मुलीला सगळे उचकी म्हणायचे, कारण हसायला लागली की तिला उचकी लागायची. चित्र तिनेच काढलं होतं, याच भिंतीवर. ऑफिसातली, भाऊसाहेबांच्या टेबलावरची पेन्सिल पळवून, ती ओली केली की जांभळी उमटणारी. कबूलही तिने हसतहसतच केलं होतं. सरांनी बादली दिली, फडकं दिलं. "एक रेघ दिसता कामा नये. मावशी, बाहेरून कडी लावून घ्या. पळेल ती."

मावशीने कडी लावली.

शाळेचा एक रिवाज होता, अजूनही आहे. शेवटची घंटा झाली की शिपायाने सगळ्या खोल्या बघायच्या आणि मग ऑफिसाच्या खिळ्यावर पितळी बिल्ला अडकवायचा. बिल्ला खिळ्यावर गेला म्हणजे शाळा रिकामी. त्या दिवशी पाळी दुसऱ्या शिपायाची होती. "वहिनी, मला जरा लवकर जायचंय, तेवढा बिल्ला अडकवाल?" मावशीच्या घरी लेक तापाने फणफणलेली. त्याने खोल्या बघितल्या असतील असं ती समजली. कडी हिने लावली म्हणजे हीच काढेल असं तो समजला. तिने बिल्ला अडकवला आणि घर गाठलं.

सकाळी कडीही तिनेच काढली. उचकी आत भिंतीला टेकून उभी होती. भिंत स्वच्छ होती. मुलगी एक शब्द बोलली नाही, दप्तर उचललं आणि चालत निघून गेली. बिल्ला खिळ्यावर म्हणून शाळा सोडून रात्रभर गाव धुंडाळलेले आईबाप धावत आले तेव्हा तिच्या वर्गशिक्षिका, आजच्या मोठ्या बाई, नुकतं लग्न झालेल्या, घाबरून पांढऱ्याफटक, म्हणाल्या, "ती आतच लपून बसली होती हो. आम्हाला कळलंच नाही." पुढच्या आठवड्यात खोलीला तेलरंग लावला. ते कुटुंब गाव सोडून गेलं. मुलगी पुढे कोणाशीच बोलत नाही, असं कोणीतरी सांगत आलं होतं. लपून बसली होती, लपून बसली होती, असं म्हणता म्हणता ते खरंच झालं.

*

शाळा सुटली. मावशीने कडी लावली नाही. दार उघडं ठेवून उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसली. आत फडक्याचा आवाज, बादलीत पिळलेलं पाणी. झरोक्यातून येणारं ऊन गाद्यांवर तिरपं पडलं होतं.

मग आतून उचकी ऐकू आली. एक. थोड्या वेळाने दुसरी.

मावशी स्टुलावरून उठली. "भिंगरी?"

"काय?"

"उचकी तुलाच लागली ना गं?"

"मग काय भिंतीला?" आवाज रडवेला होता. "मावशी, आत या ना. मी पुसतेय तसं वाढतंय हे."

ती आत गेली. ओल्या रंगातून चित्र वर येत होतं, पहिल्यापेक्षा ठसठशीत. पण भिंगरी चित्राकडे बघत नव्हती. तिने भिंत धूत धूत दारापर्यंत आणली होती, आणि तिथे, चौकटीच्या कडेने, जांभळे हात उमटले होते. लहान पंजे. एकावर एक, कितीतरी. काही मुलीच्या खांद्याच्या उंचीवर, जिथे बाहेरच्या बाजूला कडी आहे बरोबर तिथे. काही त्याच्या खाली. आणि अगदी खाली, जमिनीपासून वीतभर, चार बोटं नुसती ओढत नेलेली.

"हे मी नाही केलं," भिंगरी म्हणाली. "आईची शप्पथ."

"माहीत आहे मला, बाळा." मावशीने तिला जवळ ओढलं. पोरीच्या तळव्यांनाही जांभळं लागलं होतं.

चाहूल लागून सगळे आले. पुढे सर, मागे मोठ्या बाई, आई, आणि जिन्याच्या कडेला, आत न येता, भाऊसाहेब.

"बघा!" सर म्हणाले. "रंगेहाथ. तळवे बघा तिचे." त्यांनी भिंगरीचं मनगट धरलं आणि एका पंजावर तिचा हात टेकवला. भिंतीवरचा हात पेरभर लहान होता. सरांनी दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग मनगट सोडलं.

"ती पेन्सिल आता मिळत नाही," भाऊसाहेब बाहेरूनच म्हणाले. "वीस वर्षं झाली मिळत नाही."

भिंगरीला उचकी लागली.

"मग हे कोणाचे?" आईने विचारलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसू लागल्या. "पूर्वी एक मुलगी होती," त्या म्हणाल्या. "शिक्षा झाली म्हणून घाबरून ती इथे आत..." वाक्य नेहमीच्या वाटेने निघालं, आणि त्यांची नजर जमिनीजवळच्या त्या चार बोटांवर जाऊन थांबली. "...लपून..."

"नाही, बाई," मावशी म्हणाली. तिने कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला, पितळी बिल्ल्यासकट, आणि स्टुलावर ठेवला. "लपली नव्हती ती. कडी बाहेरून होती. मी लावली होती."