कानबाईपुढचा हात

योगराजची केळीची बाग कोणी तरी कापून टाकली होती. चोरून नेली असती तर एक वेळ समजलं असतं. पण घड भरलेली उभी झाडं कमरेतून छाटायची आणि तिथंच पडू द्यायची, ही कुठली माणसाची रीत? चोपड्याकडच्या त्या गावात जो तो "फार वाईट झालं हो" म्हणत येई, आणि योगराज बोलण्याकडे लक्ष न देता त्याच्या सदऱ्याकडे बघे, कारण केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा काळा डाग जन्मात जात नाही. पण केळीच्या गावात बिनडागाचा सदरा आणायचा कुठून!

तरी त्याचा खरा संशय धाकट्या हितेंद्रवर होता. वाटणीत विहीर योगराजकडे गेली तेव्हापासून हितेंद्र जेवढ्यास तेवढं बोले, आणि बाग पडली त्या सकाळी सगळ्यांत आधी धावत आला तोही तोच. साव म्हणून मिरवायची घाई चोरालाच असते, असं योगराजने मनाशी घट्ट धरलं. श्रावणात कानबाई बसेल, भाऊबंद जमतील, तेव्हा प्रसादाचा रोट वाटण्याआधी प्रत्येकाने देवीच्या नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची, असं त्याने ठरवलं. हात थरथरेल त्याला रोट नाही; आणि कानबाईचा रोट ज्याला नाही, तो भाऊबंदांतून कायमचा उठला.

आई बेबाबाई रोटाचे गहू निवडत बसली होती. ती शिंदखेड्याकडची. "ज्याले ते पाप वाटतच नही, त्याना हात कसाले थरथरी रे भाऊ?" एवढंच ती म्हणाली.

बाग पडल्यापासून बायको ज्योत्स्ना त्याचा झोपताना घालायचा पांढरा सदरा पुन्हा पुन्हा भिजत घाली आणि बोटं सोलेपर्यंत घाशी. एवढं काय धुतेय ही बया, असं योगराजला वाटे. पण विचारायची छाती होत नसे. त्या सकाळी उठला तेव्हा स्वतःचे पाय चिखलाने भरलेले होते, तेही त्याने गुपचूप पुसून टाकले होते.

कानबाईच्या दिवशी हितेंद्रने पहिला हात ठेवला. "मी नाही कापली," तो म्हणाला. हात दगडासारखा स्थिर. किती निगरगट्ट हा माणूस, म्हणून योगराजच्या अंगाचा तिळपापड झाला. मग चुलते आले, पुतणे आले. एकाचाही हात हलला नाही.

"आते तू ठेव," बेबाबाई म्हणाली.

"मी? अगं आई, बाग माझीच ना!" योगराज हसला आणि त्याने हात ठेवला.

हात थरथरू लागला. नारळाला घातलेली नथ बारीक वाजायला लागली. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, तरी थांबेना. रोटाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या ज्योत्स्नाने मान खाली घातली, आणि योगराजला भीती वाटली, लहानपणी झोपेत चालत जाऊन अंगणात जाग यायची तेव्हासुद्धा वाटली नव्हती एवढी.

हितेंद्र त्याच्या कानाशी वाकला. "दादा, घाबरू नको. बाग तुझीच होती. मग यात पाप कसलं?"

खरंच की. स्वतःचीच तर होती. योगराजला ते पटलं, अगदी आतून पटलं.

नथ वाजायची थांबली. बेबाबाईने त्याच्या स्थिर हाताकडे पाहिलं, मग एकेक करून बाकीच्यांच्या हातांकडे. आणि ज्योत्स्नाकडून ताट घेऊन तिने त्यावर पदर ओढला.