काचेच्या कपाटाची हाव

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे आणि, लपवून काय उपयोग, फार मत्सरी आहे. माझ्या ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा मिटली की नळीत पुढचं काडतूस चढतं. अमेरिकेत, मोंटानातल्या हॉगेन कुटुंबाकडे मी एकशे दहा वर्षं आहे. त्यातली साठ वर्षं मी घोड्याच्या खोगिराला लटकून काढली आणि वासरांवर टपलेले कोल्हे पिटाळले. घासून घासून माझा काळा रंग गेला, लाकडी दस्त्यावर चरे पडले.

मग मला भिंतीवर टांगलं. तिथे माझ्याच कारखान्यातली, माझ्याच वयाची दुसरी रायफल होती. ती मात्र लख्ख चमकायची. पाहुणे तिच्यापुढे थांबायचे आणि माझ्यावर टोप्या अडकवायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

म्हातारे हॉगेन गेले, तेव्हा त्यांच्या मुलांनी, आर्डिस आणि लाइलनं, ठरवलं की जी अस्सल ठरेल, म्हणजे जिची मूळ घडण कोणी बदललेली नसेल, ती वडिलांच्या नावानं गावच्या संग्रहालयात द्यायची आणि दुसरी घरी ठेवायची. काचेचं कपाट, वर दिवा, खाली नाव! मला दुसरं काही सुचेना. ती जागा तिला मिळू नये, एवढंच मागणं होतं.

पारख करायला जुन्या बंदुकांच्या जाणकार वेर्नाबाई आल्या. आधी त्यांनी कडी ओढून आत काडतूस नाही याची खात्री केली. नळीत उजेड टाकून पाहिलं, स्क्रूच्या खाचा न्याहाळल्या. मग लोखंड संपून लाकूड सुरू होतं तिथे नख फिरवलं. माझ्या अंगावर ते अडकलं. तिच्या अंगावरून सुळकन घसरलं.

"हिला पॉलिशपेपर कोणी मारला?" त्यांनी विचारलं.

"मी," लाइल खाली बघत म्हणाला. "बाबांच्या साठाव्या वाढदिवसाला. दिवसभर घासत होतो."

"स्वतःचं टक्कलही असंच घासून केलंय यानं," आर्डिस म्हणाली.

वेर्नाबाईंनी समजावलं, की कारखान्यात लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. घासलं की ते गेलं, परत येत नाही. अस्सल मी ठरले. माझा एकही चरा पुसायचा नाही आणि उघड्या हातानं मला धरायचंही नाही, अशी ताकीद मिळाली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

लाइलनं दुसरीला उचललं. "म्हणजे हिला आता चरे पडले तरी चालतील?"

"खुशाल पडू देत."

"मग उद्यापासून ही माझ्या खोगिराला."

त्याला सात वर्षं झाली. माझ्यावर दिवा आहे, खाली नाव आहे. लोक वाचतात आणि पुढे जातात. लाइल गावात आला की त्याची गाडी संग्रहालयासमोरच थांबते. गाडीच्या मागच्या काचेला ती दुसरी रायफल लटकलेली असते, चिखलानं माखलेली.

मित्रांनो, घरातल्या जुन्या घड्याळाला, पेटीला पॉलिशपेपर लावू नका. त्यांचे चरे जपा. पण अधूनमधून त्यांना हातातही घ्या. परवा तिच्या दस्त्यावर मला एक नवा चरा दिसला. तो माझ्या अंगावर पडायला हवा होता.