दोन बोटं खाली

दोनबोट्यांनी पुढच्या चाकाशी वाकून टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत आपली दोन बोटं घातली. बोटं अजूनही बेताची बसली. ना सैल, ना घट्ट. मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. ते गुडघ्यामुळे की गाडीमुळे, हे भोवती उभ्या असलेल्यांपैकी कुणी विचारलं नाही.

"तीच आहे," ते म्हणाले.

टायरवाल्याच्या दुकानामागच्या आवारात ही मंडळी दर रविवारी सकाळी जमत. महागड्या गाड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पैसे मोजले की कुणालाही मिळते, ती कसली गाडी, असं त्यांचं मत. त्यांचा जीव साध्या, घरच्या गाड्यांवर. भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला म्हणून घेतलेल्या आणि मग मालकाच्या हौसेपायी भलत्याच काहीतरी होऊन बसलेल्या. अशा एकेकाळी आपल्याकडे असलेल्या गाड्यांच्या गोष्टी चहाच्या कपाबरोबर तिथे निघत. त्यांच्यातल्या दंतवैद्यांनी आपल्या व्हॅनमध्ये इतके स्पीकर बसवले होते की सासूबाईंना बसायला जागा उरली नव्हती, आणि यातला हेतू कोणता आणि परिणाम कोणता, हे ते कधीच उघड करत नसत. गोष्टी त्याच त्या असत. कुठे हसायचं, हे ऐकणाऱ्यांना पाठ होतं.

दोनबोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पेशानं ते आरेखक. रस्त्यांचे आणि पुलांचे आराखडे काढण्यात हयात गेली. तरुणपणी घेतलेल्या छोट्या निळ्या गाडीच्या स्प्रिंगा त्यांनी स्वतः बदलून ती खाली आणली होती, आणि किती खाली, असं कुणी विचारलं की ते उजव्या हाताची दोन बोटं जुळवून दाखवत. फटीत एवढंच मावलं पाहिजे. तिसरं बोट गेलं तर ती गाडी नाही, बैलगाडी. तेव्हापासून ते दोनबोटे झाले. एका नव्या सभासदानं तर मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांना पाठवताना वर तेच नाव घातलं होतं, आणि दोनबोटे त्या लग्नाला आवर्जून गेलेही होते.

त्यांची गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर संपे. आमच्या आईला या गाडीत गाडी लागायची, इतकी ती पळायची. इथे सगळे हसत. या वाक्याच्या पुढे आणखी काही आहे, हे त्यांनी मंडळींना कधी सांगितलं नव्हतं.

मुलं मोठी होऊ लागली तेव्हा ती गाडी विकावी लागली. त्यानंतर दोनबोट्यांनी दोन-तीन गाड्या घेतल्या, पण त्यांच्यात त्यांचं मन रमलं नाही. रस्त्यात लांबून निळा रंग दिसला की मान आपोआप वळे. टायरवाल्यानं हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. शेजारच्या गावात एका गोठ्यामागे ताडपत्रीखाली ही गाडी त्याला दिसली, आणि त्यानं मालकाच्या मागे लागून ती संध्याकाळपर्यंत मागून आणली. घ्यायची की नाही, ते दोनबोट्यांनी दिवस मावळायच्या आत सांगायचं होतं. खरं तर यात सांगण्यासारखं काही नाही, असंच सगळे धरून चालले होते.

मंडळींचा एक रिवाज होता. कुणाची जुनी गाडी सापडली की आधी त्या जुन्या मालकानं एकट्यानं आत बसायचं आणि दार ओढून घ्यायचं. बाकीच्यांनी गप्प राहून दाराचा आवाज ऐकायचा.

दोनबोट्यांनी एक पाय आत टाकला, छताला धरलं, आणि उरलेलं काम गाडीनंच केलं. त्या खोलगट सीटमध्ये ते धपकन जाऊन पडले. दार लागलं. आवाज तोच होता, भरीव आणि आखूड. बाहेर कुणीतरी समाधानानं मान डोलावली.

मग त्यांनी नदीकाठच्या रस्त्यावर एक फेरी मारली. लहानसं स्टिअरिंग हातात घट्ट बसत होतं. रस्ता कंबरेखालून सरकत होता, प्रत्येक खडा पाठीला कळत होता. दोनबोटे एकटेच मोठ्यानं हसले. इतकी वर्षं जे हवं होतं ते हेच होतं, त्यात तसूभरही फरक नव्हता. वळणावर गाडी जशी जमिनीला चिकटून वळली, तसं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

आवारात येऊन त्यांनी इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि उठायला गेले.

उठता येईना. उजवा पाय बाहेर काढला, पण त्यावर भार देण्याइतकी उंचीच नव्हती. गुडघा छातीशी आला होता. छताला धरून जोर लावला तर गुडघ्यातून अशी कळ निघाली की ते पुन्हा मागे पडले. बसण्यात आणि उठण्यात एवढा फरक असतो, हे त्यांनी कुठल्याच आराखड्यात धरलं नव्हतं. दंतवैद्य पुढे झाले, त्यांनी दोन्ही हात धरून ओढून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं की ही दाढ हलत नाही. हशा पिकला. शेवटी टायरवाल्यानं पलीकडच्या दारानं आत शिरून मागून काखेत हात घातले, दोनबोट्यांनी आधी जमिनीवर हात टेकले, मग गुडघे टेकले, आणि रांगतं मूल उठतं तसे ते उठून उभे राहिले.

सगळ्यांबरोबर तेही हसत होते. हसता हसता त्यांनी पँटीच्या गुडघ्यांवरची माती झटकली, आणि झटकता झटकता त्यांचा हात थांबला.

ज्या वर्षी गाडी खाली आणली, त्याच वर्षी मामा गेले होते. आईचे थोरले भाऊ, तिचे दादा. आता फार दिवस नाहीत, असा निरोप आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. चार तासांचा रस्ता. दोनबोटे आंघोळ करून बाहेर आले तेव्हा आई बाहेर जायचे कपडे घालून, हातात भरलेली पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. गाडीकडे बघत होती. मग ती म्हणाली, तू जा, मला गाडी लागते. पिशवी तिनं त्यांच्या हातात दिली. आत तिनं दादांसाठी विणलेली टोपी होती आणि तिचे स्वतःचे दोन दिवसांचे कपडे. ते कपडे काढून घ्यायचं तिला सुचलंही नव्हतं. दोनबोट्यांनी समजूत घातली, चिडले, आणि शेवटी एकटेच गेले.

मामा दोन दिवस दाराकडे बघत होते. छोटी आली का, असं विचारत होते. तिला गाडी लागते, म्हणून आली नाही, असं दोनबोट्यांनी सांगितलं तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर हसू आलं. छोटीला? ती तर मालट्रकमध्ये पुढे बसून गाणी म्हणत यायची, असं ते म्हणाले. दोनबोट्यांना वाटलं, मामांचं भान सुटत चाललंय. तिसऱ्या दिवशी मामा गेले.

घरी परतल्यावर दोनबोट्यांनी बूटही न काढता आईला एक वाक्य ऐकवलं होतं. सख्ख्या भावासाठी चार तास सोसवलं नसतं तुला?  ती आत गेली. पुढे त्यांनी ते वाक्य परत घेतलं नाही आणि तिनंही त्याचा कधी उच्चार केला नाही. पण आईच्या बाबतीत त्यांच्या मनात एक अढी बसली ती बसलीच. पुढे पुढे तर त्या गाडी लागण्याचा त्यांनी विनोद करून टाकला.

आईचे गुडघे तेव्हापासूनच गेले असतील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती ओट्याला धरून उठायची, दाराला धरून उठायची, आणि तिला उठताना बघायला कुणाला वेळ होता?

"काय मग? घेताय ना?" टायरवाल्यानं विचारलं.

"संध्याकाळी कळवतो," दोनबोटे म्हणाले, आणि कुणी घरी सोडायला निघायच्या आत ते चालू लागले.

आई खिडकीशी तिच्या उंच खुर्चीत बसून मटार सोलत होती. आता ती घराबाहेर पडत नसे. घरात वावरायला वॉकर होता, आणि खुर्चीतून उठवायला कुणीतरी लागे. दोनबोट्यांची बायको दुकानात गेली होती. सकाळी निघताना त्यांनीच आईला लहान मुलासारखं सांगितलं होतं की आपली निळी गाडी सापडली. त्यामुळे आल्या आल्या तिनं विचारलंच, आहे का तशीच? तशीच आहे, ते म्हणाले. स्टूल ओढून ते समोर बसले आणि मूठभर शेंगा घेऊन सोलू लागले. 

"आई, तुला गाडी लागायची नाही," ते म्हणाले.

आईनं दाणे ताटात सोडले. "आता कशाला ते?"

"सांग ना."

"लागली असती की नाही, देव जाणे. बसले कुठे मी तिच्यात?" मग तिला एकदम हसू आलं. "बसले होते म्हणा एकदा. दादाकडे निघायचं होतं त्या सकाळी. तू आंघोळीला गेला होतास. म्हटलं, बघू तरी जमतंय का. बसायचं काय, पडलेच आत. आणि मग उठता येईना. शेजारच्या वहिनी आल्या धावत, पेपरवाला आला. दोघांनी मिळून ओढून काढलं बाबा मला. एक चप्पल आतच राहिली, ती वहिनींनी छत्रीच्या दांड्यानं ओढली."

दोनबोट्यांना हसता आलं नाही. मला हाक का नाही मारलीस, असं त्यांनी विचारलं. तिचं उत्तर साधं होतं. तिला त्यांचा स्वभाव माहीत होता. कळलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे गाडी जॅकवर चढवली असती आणि स्प्रिंगा काढायला घेतल्या असत्या. मग गाडी चार दिवस उघडी पडली असती. दादाकडे तेवढे दिवस नव्हते. निदान घरातलं एक माणूस तरी वेळेत पोचायला हवं होतं.

"भाड्याची गाडी सांगता आली असती," ते म्हणाले.

"दारात तुझी उभी असताना? किती हौसेनं केली होतीस. तुला कसं वाटलं असतं?"

दोनबोट्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. आवारापासून घरापर्यंत त्यांनी मनाशी जे जुळवत आणलं होतं, ते आता बोलायलाच हवं होतं. घसा खाकरून ते म्हणाले, "मामांकडून परत आलो तेव्हा मी तुला जे बोललो ना—"

"बरोबरच बोललास तू," आई म्हणाली.

त्यांनी मान वर केली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, ताटातल्या दाण्यांमधून एक किडका दाणा शोधत होती.

"मीही तेच म्हणते स्वतःला. चार तासांचा तर प्रश्न होता. उचलून बसवलं असतंस, उचलून काढलं असतंस. दादाच्या दारात चार माणसांनी पाहिलं असतं, पाहीनात का. मला मेलीला तेव्हा लाज वाटली. तू म्हणालास, सख्ख्या भावासाठी सोसवलं नसतं का? तेव्हा वाटलं, मुलगा खरं बोलला. अजून वाटतं, रात्री जाग आली की."

किडका दाणा सापडला. तिनं तो सालींच्या ढिगात टाकला.

 आपली चूक कबूल करायला दोनबोटे आले होते, आणि इथे ती चूक आईनं केव्हाच आपल्या नावावर करून घेतली होती. तसं नाही, एवढं तरी म्हणायला हवं होतं. "आई, तसं नाही गं," ते म्हणाले खरे, पण आवाज इतका खाली गेला की त्यांना स्वतःलाही तो नीट ऐकू आला नाही.

"ते जाऊ दे," आई म्हणाली. "गाडी घेतलीस ना?"

"नाही."

"का रे? चांगली होती."

तिनं ताट खिडकीच्या कट्ट्यावर सरकवलं. जेवणाच्या आधी तिला हात धुवायला आत जायचं असे. रोजच्यासारखे तिनं दोन्ही हात पुढे केले. दोनबोटे समोर येऊन उभे राहिले, त्यांनी ते हात आपल्या हातांत घेतले. मटारामुळे बोटं ओली आणि गार झाली होती. ते तसेच धरून उभे राहिले.

"ओढ की रे," आई म्हणाली.