अर्धी तुला, अर्धी मला

माझ्या दोन्ही वहिन्यांचं एकमेकींशी इतकं पटतं, की कधीकधी मला त्याचा रागच येतो. दोघी मिळून शिवणाचं दुकान चालवतात. थोरली कापते, धाकटी शिवते. सांधे सुजण्याचा आजारही आधी थोरलीला झाला आणि मागोमाग धाकटीला. शेजारीण म्हणालीच, "या दोघी ठेचसुद्धा वाटून घेतील."

रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा दोघींनी त्यात भाग घेतला. सही करताना मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट उलगडून सांगितलं. नेहमीचं औषध चालूच राहणार, वर रोज एक गोळी. ती औषधाची की बिनऔषधाची, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. "मलाही कळणार नाही," त्या म्हणाल्या. "मनात येईल तेव्हा सोडा, तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. पण त्रास झाला तर लपवू नका." दोघींनी माना डोलावल्या. मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. मान डोलावणाऱ्याला कळलेलं असतंच असं नाही, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

एका दुपारी दुकानात गेले, तर थोरली कापायच्या टेबलावर वाकून ब्लेडने गोळी कापत होती. शेजारी धाकटीचीही गोळी होती, तिचेही दोन तुकडे झालेले.

"हे काय चाललंय?"

"वन्सं, सरळ हिशेब आहे," थोरली म्हणाली. "एकीला औषध मिळालं आणि दुसरीला नुसता खडू, तर? त्यापेक्षा दोघींना अर्धं अर्धं. माझे हात चालतील आणि हिचे नाहीत, हे मला बघवणार नाही."

माझ्या जिभेवर चार शब्द आले होते. तेवढ्यात धाकटीकडे लक्ष गेलं. तिचे डोळे पिवळट दिसत होते. जेवण जात नाही, अंगाला खाज येते, हे तिने हळूच कबूल केलं.

"आधी का नाही बोललीस?"

"चाचणीतून काढतील म्हणून. दोघींनाही."

"काढू देत! दुकानाला कुलूप लाव. ऊठ."

डॉक्टरीणबाईंसमोर थोरलीने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. तेवढं मात्र तिचं मानलं पाहिजे. त्या रागावल्या नाहीत. दोघींच्या गोळ्या तिथेच बंद केल्या, रक्त तपासलं. धाकटीच्या लिव्हरला चांगलाच मार बसला होता. मग त्यांनी चाचणी चालवणाऱ्या मुख्य कचेरीत फोन लावला. अशा वेळी कुणाला काय मिळत होतं ते उघडता येतं.

फोन ठेवून त्या धाकटीला म्हणाल्या, "तुमच्या वाट्याला बिनऔषधाची गोळी होती. औषधाची होती ती यांची."

म्हणजे औषध थोरलीचं. लिव्हर धाकटीचं.

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "पण मला तर काहीच झालं नाही!"

"एकाला पचतं, एकाला नाही. म्हणून तर शेकडो माणसं लागतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज तुम्ही बोलला नसता, तर आमच्याकडे नोंद झाली असती की बिनऔषधाच्या गोळीवर एकीचं लिव्हर बिघडलं. औषध निर्दोष ठरलं असतं. आता खरं तेच लिहिलं जाईल."

त्या संध्याकाळी थोरली रडली. मला तिची दयाही आली आणि रागही. पण धाकटीनेच तिला जवळ घेतलं. "तू चांगल्यासाठीच केलंस गं. पण पुढच्या वेळी मला माझंच दे."

धाकटी सावरली. डोळे निवळले, जेवणावर वासना आली. गोळ्या बंद असल्या तरी चाचणी संपेपर्यंत दोघींना तपासणीला बोलावतात आणि दोघी न चुकता जातात. परवा मीही गेले होते. बाकावर चाचणीत नव्याने आलेले एक गृहस्थ बसले होते. आमच्या वहिन्या इथल्या जुन्या वाटल्या म्हणून ते सरकून जवळ आले.

"काय हो, खरी गोळी मिळवायची तर कुणाची ओळख लागते?"

थोरलीने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओळख होती ना. मी हिची जाऊ. माझ्यातली काढून दिली हिला," ती म्हणाली. "विचारा हिला, काय झालं ते."