पीपी नंबर

डोंबिवलीतल्या त्या तीन मजली इमारतीत एकेकाळी फोन एकच होता, सुमतीकाकूंचा. सगळ्या बिऱ्हाडांनी लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर तोच नंबर बिनदिक्कत टाकलेला, पुढे 'पीपी' लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलावून देतात. टिटवाळ्याहून शेजारच्या कमळाबाईंच्या भावाचा फोन आला, की काकू हातातलं काम टाकून जिन्यात हाका मारायच्या. कटकट? होतीच की. पण कोणाला मुलगा झाला, कोणाचे वडील गेले, हे सगळं काकूंच्या हॉलमध्येच कळायचं. बोलताना माणूस रडला, तर रिसीव्हर ठेवल्यावर त्याला तसंच कोण जाऊ देणार? चहा व्हायचा, कमळाबाई पाठीवरून हात फिरवायच्या. काय दिवस होते ते!

मग घरोघरी फोन आले, मग ते खिशात गेले. सुटले एकदाची, असं काकूंना वाटलं. फोनबरोबर माणसांची सुखदुःखंही खिशात गेली, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मंगळवारी दुपारी डॉक्टरांचा फोन काकूंच्या मोबाइलवर आला. छातीतली गाठ साधी नव्हती, ऑपरेशन लवकर करावं लागणार होतं. काकू नुसत्या "बरं, बरं" म्हणाल्या. घर चिडीचूप. यजमान कधीच गेलेले, कमळाबाई ठाण्यात वर्तकनगरला लेकाकडे राहायला गेलेल्या. बंगळूरला मुलाला, सलिलला, कळवायला त्यांनी मोबाइल उचलला आणि हात थांबला. सांगून फोन ठेवला की पुढे काय, या भिंतींशी बोलायचं? मेली भीती पोटात मावेना.

मोबाइल तिथेच ठेवून त्यांनी समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथे राहणाऱ्या अक्षदाशी त्यांची ओळख जिन्यात हसण्यापुरतीच. तिने कानात हेडफोन घालूनच दार उघडलं.

"अगं, माझा फोन बंद पडलाय. तुझ्यावरून सलिलला एक फोन करू?" काकू धडधडीत खोटं बोलल्या.

"करा ना काकू. आत बेडरूममध्ये बसता का? निवांत बोलता येईल."

"नको, इथेच बरंय."

नंबर तोंडपाठ होता. सलिलने उचलला तशा त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "रिपोर्ट आला रे. कॅन्सर आहे." आणि पुढचं बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

अक्षदाने हेडफोन काढले. लॅपटॉपवर ऑफिसचं कोणीतरी बोलत होतं, तो तसाच मिटून ती काकूंना चिकटून बसली.

"आई, ऐकतेयस ना? कोणी आहे का तुझ्याजवळ?" सलिल विचारत होता.

"आहे रे," काकू म्हणाल्या.